वाडीतली खोली आणि विकलेला प्लॉट

१९९७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगर गावी एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला, सोबत दागिने. मुखवट्याचं वजन सव्वा किलोच्या वर. देवळात त्याची प्रतिष्ठापना झाली, बातमी मुंबई-पुण्याला पोचली आणि संकष्टीला गाड्यांची रीघ लागली. तोवर दिवेआगर म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, रूपनारायणाची देखणी मूर्ती आणि सुरूच्या बनामागे पसरलेला लांबलचक, निवांत किनारा. बाहेरचं माणूस यायचं ते बहुधा कुणाचं तरी पाहुणं म्हणून.

दर्शनाला आलेल्यांना दुपारी भूक लागायचीच. वाडीतल्या घरांनी आधी जेवण वाढलं. मग कुणी मुक्कामाचं विचारलं, तर पडवी मोकळी करून दिली. पुढे पडवीला लागून दोन खोल्या निघाल्या, त्यांना स्वतंत्र न्हाणीघर आलं, फाटकावर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी लागली. दहा-बारा वर्षांत गावाचा हिशेब बदलला. नारळ-सुपारीचं उत्पन्न होतंच, त्याच्या जोडीला शनिवार-रविवारचं आणि मे महिन्याचं उत्पन्न आलं.

मग २०१२ च्या मार्चमध्ये दरोडेखोरांनी देवळाच्या दोन रखवालदारांचा खून करून मुखवटा पळवला. चोर सापडले, खटला चालला, जन्मठेपा झाल्या. मात्र मुखवटा तोवर वितळवला गेला होता. गर्दी ओसरली आणि गावावर दुहेरी दुःख कोसळलं. एक देवाचं आणि माणसांच्या हत्येचं, दुसरं पोटाचं. तरीही दिवेआगर बसलं नाही. त्या दीड दशकात आलेल्या पाहुण्यांपैकी पुष्कळांना गणपतीइतकीच किनाऱ्याची, उकडीच्या मोदकांची आणि यजमानांच्या घराची ओढ लागली होती. ते येत राहिले. परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला नवा मुखवटा २०२१ च्या नोव्हेंबरात देवळात बसला, तेव्हा गावात राहायच्या खोल्या १९९७ च्या मानाने कितीतरी वाढलेल्या होत्या.

पर्यटन गावात पैसा कसा आणतं आणि तो गावात कशामुळे टिकतो, हे समजून घ्यायला रायगडच्या किनाऱ्यासारखी दुसरी जागा महाराष्ट्रात नाही. उत्तरेला मांडवा, दक्षिणेला हरिहरेश्वर. मधे किहीम, वरसोली, अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन. एकाच जिल्ह्यात, एकाच समुद्राला लागून, पर्यटनाच्या दोन वेगवेगळ्या तऱ्हा इथे शेजारी शेजारी नांदतात आणि दोन्हींचे परिणाम डोळ्यांनी पाहता येतात.

*

या किनाऱ्याचं नशीब मुंबईच्या हाती पूर्वीपासूनच आहे. तालुका श्रीवर्धन असो, म्हसळा असो की मुरूड, घरातला एखादा पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा जहाजावर आणि घरचं चाललंय त्याच्या मनीऑर्डरवर, ही कोकणातल्या घराघरातली गोष्ट. कोकणी मुसलमान कुटुंबांत तीच मनीऑर्डर पुढे आखातातून येऊ लागली. १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि मुंबईच्या पगारावर उभा असलेला हा आधार खचला. त्याच काळात आणि त्यानंतर मुंबईतल्या मध्यमवर्गाकडे गाडी आली, हातात थोडे जास्तीचे पैसे आले, दोन दिवसांची सुट्टी काढून कुठेतरी जाण्याची रीत पडली. पैसा मुंबईचाच. पूर्वी तो पोस्टमनच्या हातून यायचा, आता गाडीत बसून यायला लागला.

युरोपातल्या माल्टा या बेटवजा देशाची कहाणी याच्याशी चांगलीच जुळते. क्षेत्रफळ अवघं ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे रायगड जिल्ह्यात असे वीसहून अधिक माल्टा मावतील. लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात. ब्रिटिश आरमाराचा तळ हा या बेटाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पोशिंदा. १९६४ ला देश स्वतंत्र झाला, तळ आज ना उद्या उठणार हे दिसत होतं आणि १९७९ मध्ये तो उठलाही. तिथल्या सरकारने त्याआधीच हॉटेलं आणि किनारे यांवर जोर दिला होता. २०२४ मध्ये त्या चिमुकल्या देशात ३५ लाखांहून अधिक पर्यटक उतरले. देशाच्या लोकसंख्येच्या सहापट माणसं एका वर्षात! रायगडच्या किनाऱ्याने ठरवून असं काही केलं नाही. इथे पर्यटन आपसूक वाढलं, घराघराने आपापल्या अकलेने वाढवलं, आणि धोरण मागून आलं. इथल्या पर्यटनातलं बरंही आणि वाईटही यातूनच निघालं.

*

किनाऱ्याचा अलिबागकडचा भाग मुंबईला किती जवळ आहे, हे नकाशा पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. गेटवेवरून सुटलेली कॅटमरान तासाभराच्या आत मांडव्याला लागते. रस्त्याने जायचं तर पनवेल, पेण, वडखळ असा शंभर किलोमीटरच्या आसपासचा वळसा. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या रुंदीकरणामुळे आणि वडखळ नाक्यावरच्या कोंडीमुळे त्याला किती वेळ लागेल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या जलमार्गाला एक काळी आठवण आहे. १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. अलिबाग तालुक्यातल्या किती घरांतला कर्ता माणूस त्या दिवशी गेला, हे जुनी माणसं अजून सांगतात. २०२४ च्या डिसेंबरात घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून बुडाली, तेव्हा या सगळ्या किनाऱ्याला रामदास आठवली. घारापुरीही याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते. सुरक्षा जाकिटांची सक्ती आणि बोटीत किती माणसं घ्यायची याचा नियम या गोष्टी इथे कागदावर ठेवून चालत नाहीत.

१५ मार्च २०२० ला भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली. माणसांबरोबर गाड्याही बोटीत घेणारं, ग्रीसमध्ये बांधलेलं जहाज आलं. मुहूर्त मात्र विलक्षण वाईट लागला. आठवड्याभरात करोनाची टाळेबंदी आली आणि जहाज नांगराला बांधून ठेवावं लागलं. ऑगस्टमध्ये गणपतीच्या तोंडावर ते पुन्हा सुरू झालं. कॅटमरान पावसाळ्यात बंद असतात; रो-रो पावसाळ्यातही चालते आणि त्यामुळे मांडव्याच्या आसपासच्या गावांचा हंगाम लांबला. २०२४ च्या जानेवारीत शिवडी ते न्हावा-शेवा हा जवळपास बावीस किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. २०२५ अखेर नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. अंतर दर वर्षी थोडं थोडं आक्रसतं आहे.

आणि अंतर आक्रसलं की जमिनीचा भाव चढतो.

*

आवास, सासवणे, किहीम, झिराड, सातिर्जे या पट्ट्यात मुंबईच्या धनिकांचे बंगले आजचे नाहीत. किहीमला पारशी आणि गुजराती कुटुंबांची विश्रांतीची घरं स्वातंत्र्याच्या आधीपासून होती. १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली किहीमला राहिले होते. घरासमोर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडी लावून, दिवसचे दिवस बसून त्या पक्ष्यांचं घरटं बांधणं न्याहाळलं. अर्धवट विणलेलं घरटं मादीला पसंत पडलं की नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पक्ष्यांच्या अभ्यासात हे निरीक्षण मोलाचं ठरलं. त्या काळी किहीमच्या बंगल्यात येणारं माणूस महिना-महिना राहायचं, गावातल्या माणसांना ओळखायचं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र उद्योगपती, सिनेनट, क्रिकेटपटू यांनी या पट्ट्यात एकरांनी जमिनी घेतल्या. उंच कुंपण, आत हिरवळ, पोहण्याचा तलाव. मालक वर्षातून मोजके दिवस येतो. गावाला मिळतं ते काय? माळ्याची, रखवालदाराची, झाडलोटीची नोकरी. बांधकाम चालू असेतो गवंडीकाम, तेही पुष्कळदा बाहेरून आलेल्या मजुरांकडे जातं. सामान मुंबईहून, आचारी मुंबईहून, भाजीसुद्धा मुंबईहून. जमीन विकणाऱ्याला एकदाच मोठी रक्कम मिळते. तिच्यातून घर होतं, लग्नं होतात, गाडी येते. मग तोच माणूस किंवा त्याचा मुलगा स्वतःच्या जुन्या शेताच्या फाटकावर रखवालीला बसतो. असं प्रत्येकाचं झालं नाही, पण अलिबाग तालुक्यात ज्याने ही तऱ्हा पाहिली नाही असा माणूस सापडणं कठीण.

ही जमीन अशी-तशी मिळालेली नव्हती, म्हणून हे जास्त लागतं. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी खोताची जमीन कसायला नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत टिकवला. सहा वर्षं! घरात भात नाही, माणसं जंगलातून लाकूडफाटा आणून, मासळी मारून, मिळेल ती मजुरी करून जगली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे कूळ कायदा आला, कसणाऱ्याच्या नावावर जमीन लागली. आजोबांनी सहा वर्षं उपाशी राहून मिळवलेली खारजमीन नातवाने एका सहीत दिली, तर दोष नातवाला देणं सोपं आहे. खारबंदिस्ती फुटली की समुद्राचं पाणी शेतात शिरतं, भाताला भाव नाही, मुलांना शेती नको. विकण्याचा मोह नव्हे, नाइलाज म्हणावा अशी स्थिती बऱ्याच घरांत होती.

समुद्राच्या अगदी कडेला बांधायला किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत. ते मोडून उभ्या राहिलेल्या बंगल्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या. त्यातला सगळ्यात गाजलेला बंगला फरारी हिरे व्यापारी नीरव मोदी याचा, किहीमचा. ८ मार्च २०१९ ला जिल्हा प्रशासनाने तो सुरुंग लावून पाडला. देशभर चित्रफीत फिरली. पण एक बंगला पडला म्हणून भरतीरेषेजवळची सगळी बांधकामं गेली असं झालं नाही. कित्येक प्रकरणं न्यायालयांत वर्षानुवर्षं रेंगाळली.

*

आता थोडं दक्षिणेकडे, किंवा अलिबागच्याच नागाव, आक्षी, चौल बाजूला यावं. इथे पर्यटक राहतो तो मालकाच्या वाडीत. मालक समोरच्या घरात असतो आणि सकाळी पोहे त्याच्याच चुलीवरून येतात.

हिवाळ्यातली पोपटी घ्या. भात कापल्यावर त्याच शेतात ओलाव्यावर वाल पेरतात, डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरतात. बांधावर भांबुर्डा नावाचं उग्र वासाचं झुडूप आपोआप उगवतं. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे अंडी, मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, बटाटे, रताळी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. अर्ध्या तासाने कुणीतरी तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतं. चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडालं, की पोपटी झाली. मग कागदावर ढीग ओततात आणि सगळे भोवती बसतात.

पूर्वी हा गावातल्या पोरांचा रात्रीचा उद्योग होता. आता मुंबईकर पाहुणे पोपटीसाठी आगाऊ खोल्या ठरवतात. या एका रात्रीचा पैसा कुठे जातो ते पाहण्यासारखं आहे. शेंगा शेजारच्या शेतातल्या, मडकं पेणच्या किंवा गावच्या कुंभाराचं, कोंबडी गावठी, पाला फुकट, रांधणारे हात घरचे. पाहुण्याने दिलेला जवळजवळ सगळा रुपया गावातच फिरतो. तोच पाहुणा एखाद्या मोठ्या रिसॉर्टमध्ये उतरला, तर त्याने दिलेल्या पैशातला मोठा भाग दारूच्या, गोठवलेल्या मांसाच्या, आरक्षणाच्या संकेतस्थळाच्या आणि दूरच्या मालकाच्या खात्यात निघून जातो. अर्थशास्त्रज्ञ याला गळती म्हणतात. पर्यटकांची संख्या वाढते आणि गाव होतं तिथेच राहतं, याचं कारण बहुतेक वेळा या गळतीत असतं. किती गाड्या आल्या हे टोलनाक्यावर मोजता येतं. रुपया गावात किती हातांतून गेला हे मोजण्याची तसदी आपल्याकडे फारशी कुणी घेत नाही. रायगडच्या पर्यटनाबद्दल बोलताना खरं मोजायला हवं ते हेच.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचंही तसंच. कार्ले, खंडाळे या गावांत होणारा हा कांदा गोडसर, कमी तिखट. काढणीनंतर बायका पातींची वेणी घालून त्याच्या माळा करतात आणि रस्त्याकडेला टांगतात. परतणारी गाडी थांबते, दोन माळा डिकीत जातात. मधे दलाल नाही, बाजार समिती नाही. या कांद्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्यामुळे दुसरीकडचा कांदा अलिबागचा म्हणून विकणाऱ्यांना कायद्याने अडवता येतं.

घरगुती पर्यटनाचा बहुतेक भार बायकांवर आहे, हे सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. चादरी धुणं, चाळीस माणसांच्या भाकऱ्या, मासळी साफ करणं, रात्री बारा वाजता आलेल्या पाहुण्याला चहा. पाटीवर नाव बहुधा घरच्या पुरुषाचं, बँकेचं खातंही त्याचं. राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटन व्यवसायासाठी महिलांनी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज मर्यादेत परत देण्याची त्यात सोय आहे. खोली बाईच्या नावावर नोंदली जाण्याला यातून चालना मिळाली, तर ती फार मोलाची गोष्ट होईल.

*

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या जवळ किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. करोनामुळे मे महिन्याचा हंगाम आधीच बुडालेला. त्या काही तासांत घरांची कौलं आणि पत्रे गेले, सुरूची बनं आडवी झाली आणि वाड्याच्या वाड्या झोपल्या. कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावल्यापासून चांगलं फळ धरायला सात-आठ वर्षं तरी जातात. नारळाचंही थोडंफार तसंच. म्हणजे वादळाने एका वर्षाचं पीक नेलं नाही, पुढच्या सात-आठ वर्षांचं नेलं. सरकारी भरपाई आधी हेक्टरी हिशेबाने आली. पोफळीची वाडी गुंठ्यांत असते, हेक्टरमध्ये नसते. त्यामुळे हाती आलेले पैसे पाहून बागायतदार संतापले आणि झाडामागे भरपाईची मागणी पुढे आली.

याच ठिकाणी वाडीतल्या खोलीची किंमत कळली. टाळेबंदी उठली आणि घरात कोंडून पडलेली शहरी माणसं गर्दी टाळून जवळपास कुठे जाता येईल हे शोधू लागली. परदेशप्रवास जवळजवळ बंदच होता. पत्रे बसवून उभ्या राहिलेल्या खोल्यांना त्या हिवाळ्यात गिऱ्हाईक मिळालं, आणि बागेचं उत्पन्न शून्यावर असताना कितीक घरांची चूल त्याच पैशांवर पेटली. पण वाडीच उरली नाही तर वाडीतली खोली कोण घेणार, हा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला. पाहुणा येतो तो सावलीसाठी. ज्यांनी वादळानंतर रिकाम्या झालेल्या जागी रोपं लावली आणि ज्यांनी तिथे सिमेंटच्या खोल्या चढवल्या, अशी दोन्ही तऱ्हांची माणसं आज एकाच आळीत दिसतात.

*

मुरूडजवळच्या जंजिऱ्याची गोष्ट जराशी वेगळी. सिद्दींचा हा जलदुर्ग मराठ्यांनाही जिंकता आला नाही. शिवाजी महाराजांच्या काळात लाय पाटील या कोळ्याने रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावण्याचं धाडस केलं होतं. मागून कुमक वेळेवर पोचली नाही आणि बेत फसला, तरी महाराजांनी त्याचा गौरव केला. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं.

आज राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या पर्यटकांना किल्ल्यावर नेतात. त्या जलवाहतूक सोसायट्यांमार्फत चालतात, त्यामुळे उत्पन्न एका मालकाच्या खिशात न जाता बऱ्याच घरांत वाटलं जातं. किल्ल्याच्या दाराशी होडी लाटेबरोबर वरखाली होत असते आणि पायरी नेमकी समोर आली की नावाडी हात धरून माणसाला उचलून ठेवतो. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना हे अवघड जातं. जूनपासून पावसाळाभर होड्या बंद. मासेमारीही जून-जुलैत बंद. वर्षातले हे महिने राजपुरीला साठवलेल्यावर काढावे लागतात.

समुद्राची ओळख नसलेली माणसं समुद्रात उतरतात, हा या किनाऱ्याचा कायमचा घोर आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला आली होती. चौदा मुलंमुली बुडाली. ओहोटीच्या वेळी पाणी आत खेचतं, हे स्थानिक कोळ्याच्या पोराला पाचव्या वर्षी ठाऊक असतं. ते बाहेरून आलेल्याला सांगणारा जीवरक्षक प्रत्येक किनाऱ्यावर, वर्षभर, पगारी असायला हवा. श्रीवर्धन आणि नागाव या किनाऱ्यांची नावं २०२५ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनाच्या संदर्भात पुढे आली. त्या मानांकनाच्या अटींत पाण्याच्या तपासणीबरोबर जीवरक्षकही येतो, म्हणून त्याचं स्वागत करायला हवं.

*

समुद्र आणि मासळी यांपलीकडे या किनाऱ्याकडे दाखवण्याजोगं जे आहे, ते अजून पुरतं दाखवलंच गेलेलं नाही. आक्षीचा शिलालेख इ.स. १०१२ चा, मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख म्हणून पुष्कळ अभ्यासक ज्याच्याकडे बोट दाखवतात तो, वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित पडून होता. रेवदंड्याला अफनासी निकितिन या रशियन प्रवाशाचं स्मारक आहे; वास्को द गामाच्या कितीतरी आधी, पंधराव्या शतकात तो चौलच्या बंदरात उतरला होता. समोर कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलली जाते. नवगावच्या किनाऱ्यावर बेने इस्रायलींचे पूर्वज जहाज फुटून लागले अशी त्यांची परंपरा सांगते. इस्रायलला गेलेली कुटुंबं मुलानातवंडांना घेऊन हे गाव आणि अलिबागचं सिनेगॉग पाहायला येतात आणि इथल्या माणसांशी मराठीत बोलतात. सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे. अलिबागेत १९०४ पासून चालू असलेली चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या नोंदी बिघडणार म्हणून ती इकडे हलवली होती.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत थळसमोरचा खांदेरी आहे. १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून शिवाजी महाराजांनी हे बेट बांधून काढलं. कोळ्यांचा वेताळ तिथे आहे, दीपगृह आहे. थळच्या नाखव्यांना सोबत घेऊन, माणसांची संख्या बांधून तिथे फेऱ्या सुरू झाल्या, तर जंजिऱ्यासारखाच पैसा थळच्या कोळीवाड्यात राहील. ते काम एखाद्या बाहेरच्या कंपनीला दिलं, तर थळच्या वाट्याला नुसती गर्दी येईल.

*

पाण्याचं काय, हा प्रश्न आता कुठल्याही ग्रामसभेत निघतो. अलिबाग तालुक्यातल्या बऱ्याच गावांना उमटे धरणाचं पाणी येतं आणि त्यात साठलेल्या गाळाचं रडगाणं जुनं आहे. एप्रिल-मे हा पर्यटनाचाही भर आणि टंचाईचाही. घरातल्या विहिरीतून चार खोल्यांना पाणी पुरतं. शेजारी पन्नास खोल्यांचं रिसॉर्ट खोल बोअर मारतं आणि त्या विहिरीत खारं पाणी शिरतं. किनाऱ्यालगत गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं, ते जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. पोफळीला खारं पाणी चालत नाही. माल्टालाही पाण्याचा प्रश्न आहेच, नदीच नाही. तिथे पिण्याच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग समुद्राचं पाणी गोडं करून मिळवावा लागतो. त्या देशाने २०१६ पासून पर्यटकाकडून रात्रीमागे अर्धा युरो, एका मुक्कामाला जास्तीत जास्त पाच युरो, असा पर्यावरण कर घ्यायला सुरुवात केली. रक्कम किरकोळ, पण पाहुण्याच्या सोयीचा खर्च पाहुण्याकडूनही घ्यावा, हे त्यातून मान्य झालं. कचरागाडी, पाण्याची टाकी, किनाऱ्यावरची सफाई, जीवरक्षकाचा पगार हे सगळं इथल्या ग्रामपंचायतींना घरपट्टीतून आणि सरकारी योजनांतून भागवावं लागतं. काही ठिकाणी वाहनतळाचं शुल्क तेवढं हाती येतं.

रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या पुलाचं काम आता सुरू झालं आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचं स्वप्न मांडलं त्याला चार दशकं उलटली. धरमतरच्या खाडीवरचा हा पूल त्याची पहिली मोठी कडी. तो झाला की अलिबागचा भाव मुरूडला आणि मुरूडचा भाव श्रीवर्धनला लागेल. दलाल दिवेआगरजवळच्या बोर्ली पंचतनपर्यंत येऊन गेलेले आहेत. निसर्ग वादळानंतर लावलेल्या पोफळींना साधारण याच सुमारास फळ धरायला लागेल. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळासकडच्या ग्रामपंचायतींच्या हाती ही काही वर्षं आहेत: वाड्या असलेल्या पट्ट्यात किती खोल्यांपर्यंत परवानगी द्यायची, बोअरची खोली किती, पाहुण्यामागे गावाला किती आणि ते पैसे कशावर खर्च करायचे, हे ठराव पूल खुला होण्याच्या आधीच ग्रामसभेच्या वहीत लिहून घेण्यासाठी.